दुनळी दाखवते, पंप लपवतो

या सुट्टीत नाशिकला आलो तर दिंडोरीच्या मामांनी एकच विषय धरून ठेवला. अमेरिकेतली ती पंपाची बंदूक, नळीखालची मूठ मागे-पुढे करून चालवायची, ती भरतात कशी? मामांकडे परवान्याची जुनी बारा बोरची दुनळी आहे. मोडली की दोन्ही काडतुसांची पितळी बुडं समोर. त्यांना पंपाचा भरवसाच वाटत नाही, आणि त्यात तथ्य आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेत कुणालाही बंदूक मिळते असं नाही: माझ्यासारख्या एच-१बी (नोकरीच्या) व्हिसावरच्या माणसाला तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. नेहमीची पळवाट म्हणजे राज्याचं शिकारीचं लायसन्स, हा कायद्यातच दिलेला अपवाद आहे. म्हणून हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांपलीकडे काही मारायचं नसूनही त्या लायसन्ससाठी मी शिकारीचा सुरक्षा कोर्स केला.

आता भरणं. नळी सुरक्षित दिशेला, सेफ्टी लावलेली, बोट ट्रिगरच्या बाहेर. बंदुकीच्या पोटाशी फट असते, तिथून काडतूस पुढे मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या खालच्या नळीत, ढकलायचं: दुमडलेलं तोंड नळीच्या टोकाकडे, पितळ मागे. बरेच जण इथेच घाई करतात. काडतूस आत गेल्यासारखं वाटतं, पण ते मागे येऊ न देणाऱ्या अडकणीपलीकडे गेलेलं नसतं. अंगठा काढला की स्प्रिंग ते मागे फेकते आणि ते यंत्रात आडवं बसतं. म्हणून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत अंगठ्याने रेटायचं. रेमिंग्टन ८७० या पंपाच्या बंदुकीत काडतूस वर उचलणारी पट्टी फटीवर आडवी असते, ती काडतुसानेच वर दाबावी लागते. मॉसबर्ग ५०० या दुसरीत ती आधीच वर असते, त्यामुळे फट मोकळी. नवख्याला मॉसबर्ग सोपी जाते, हे माझं मत.

“अरे, पण आत किती उरली ते कळतं कसं?” मामांनी विचारलं.

“दिसत नाही मामा. बोट घालून बघायचं.”

खरं शिक्षण तिथेच आहे. पंप मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस उडतं ती नळीची मागची जागा, रिकामं दिसलं, तरी खालच्या मॅगझिनच्या नळीत काडतुसं असू शकतात, आणि पंप पुढे केला की त्यातलं एक चेंबरमध्ये जाऊन बसतं. म्हणून रिकामी करताना अडकण दाबून एकेक काडतूस बाहेर घ्यायचं, मग करंगळी घालून चेंबर आणि फटीतून मॅगझिनचं तोंड चाचपायचं. काडतुसाऐवजी स्प्रिंगपुढची टोपी बोटाला लागली, तर मॅगझिन रिकामं. ट्रॅपच्या, म्हणजे तबकड्यांवर नेम धरायच्या, मैदानात तर हा प्रश्नच ठेवत नाहीत: आपली पाळी आली की एकच काडतूस, तेही बाजूच्या खिडकीतून थेट चेंबरमध्ये.

खिशात वीस बोरची काडतुसं मिसळू द्यायची नाहीत, हेही तिथे बजावून सांगतात. वीसचं काडतूस बारापेक्षा बारीक, ते बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं. मागून बाराचं भरून चाप ओढला तर नळी फुटू शकते. म्हणून तिथे वीस बोरची काडतुसं पिवळीच करतात.

शेवटी बदकांचा नियम सांगितला. स्थलांतरित पक्ष्यांवर जाताना बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, चेंबरमध्ये एक आणि मॅगझिनमध्ये दोन, म्हणून मॅगझिनमध्ये दांडी घालून जागा कमी करतात.

मामा म्हणाले, “म्हणजे चाराची नळी विकत घ्यायची आणि दांडका घालून दोनाची करायची?”

“हो मामा. आणि ते तपासायला वन्यजीव खात्याचा माणूस येतो.”