ओतून टाकलेलं हिरवं स्पिरिट

स्मरणिकेत स्वतःविषयी लिहिण्यापेक्षा ज्या विषयात उमेदीची वर्षं गेली, त्याविषयी लिहावं असं ठरवलं. तो विषय म्हणजे पानातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, मोजणं. त्याचं मूळ प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. पानातलं स्टार्च दाखवण्यासाठी आपण पान स्पिरिटमध्ये उकळतो, फिकट पडलेल्या पानावर आयोडीन टाकतो, निळा-काळा रंग वहीत नोंदवतो आणि परीक्षानळीतलं हिरवं स्पिरिट बेसिनमध्ये ओतून मोकळे होतो. आमचं काम त्या ओतून टाकलेल्या हिरव्या द्रवापासून सुरू होतं.

हरितद्रव्याचं मोजमाप करायचं तर उकळणं नको. शिरा टाळून 100 मिलिग्रॅम ताजं पान घ्यावं, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालून थंडगार 80 टक्के अ‍ॅसिटोनमध्ये अंधूक उजेडात खलावं. चोथा पांढरा होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुऊन, सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवून) वरचा द्रव 10 मिलिलिटर करावा. ती चिमूट विसरली की घात होतो. पेशी फुटताच रिक्तिकेतलं (पेशीतल्या रसाच्या पिशवीतलं) आम्ल बाहेर येतं, हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा रंग मेंदीसारखा तपकिरीकडे झुकतो. यंत्र तरीही आकडा देतं. तो हरितद्रव्याचा नसतो, एवढंच.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे द्रव कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो हे मोजणाऱ्या यंत्रावर, आधी 750 नॅनोमीटरला वाचन घ्यावं. तिथे हरितद्रव्य शोषत नाही, म्हणून आकडा शून्याजवळ हवा. नसेल तर द्रव गढूळ आहे. पुन्हा सेंट्रिफ्यूज करावा. मग 663.6 आणि 646.6 नॅनोमीटरला. पानात हरितद्रव्याचे ए आणि बी असे दोन प्रकार असतात. हरितद्रव्य ए = 12.25 × पहिलं वाचन − 2.55 × दुसरं; बी = 20.31 × दुसरं − 4.91 × पहिलं. उत्तर मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. ही 1989 सालची सुधारित समीकरणं. 1949 सालची जुनी 663 आणि 645 वर बेतलेली आहेत. त्यातलं 645 बी-च्या शिखरावर (जिथे ते सर्वाधिक शोषतं तिथे) नाही, उतारावर आहे. यंत्र एका नॅनोमीटरने सरकलेलं असलं तरी उतारावर चूक मोठी होते. क्युव्हेट (द्रव ठेवायची छोटी चौकोनी नळी) काचेचीच हवी, साधी प्लास्टिकची अ‍ॅसिटोनमध्ये धुरकटते. आणि झाकण लावावं, नाहीतर अ‍ॅसिटोन उडून द्रव आपोआप घट्ट होत जातो.

जिवंत पानात हरितद्रव्य ए-चं हे 663.6 जवळचं लाल शिखर 678 च्या आसपास सरकतं, कारण तिथे हरितद्रव्य प्रथिनांना बांधलेलं असतं. या सरकण्यात फार मोठी गोष्ट दडली होती. 1943 मध्ये रॉबर्ट इमर्सन आणि चार्लटन लुईस यांनी क्लोरेला शैवालावर दाखवलं की 680 च्या पुढे हरितद्रव्य प्रकाश शोषत राहतं, पण त्यातून निघणारा ऑक्सिजन मात्र झपाट्याने घटतो. 1957 मध्ये इमर्सननी त्या लांब लाल प्रकाशाला थोड्या आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाची जोड दिली, तेव्हा दोन्ही मिळून निघालेला ऑक्सिजन वेगवेगळ्या बेरजेहून जास्त भरला. 1959 मध्ये इमर्सन विमान अपघातात गेले. त्यांच्याकडे अलाहाबादहून आलेल्या गोविंदजींनी पुढचं संशोधन युजीन राबिनोविच यांच्याबरोबर केलं आणि आखूड तरंगलांबीच्या बाजूलाही हरितद्रव्य ए-च काम करतं, हे 1960 मध्ये मांडलं. प्रकाश पकडून कामाला लावणाऱ्या दोन यंत्रणा, म्हणजे प्रकाशप्रणाली, एकामागे एक जोडलेल्या असतात, हे आज पाठ्यपुस्तकातलं चित्र अशा मोजमापांतून उभं राहिलं. वर्णपटातली एखादी न जुळणारी वाकडी रेघ पुसून टाकू नये, हे मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं.

आता पान न कुस्करताही मोजता येतं. क्लिप लावून पान 20 ते 30 मिनिटं अंधारात ठेवायचं, अगदी मंद प्रकाशात किमान प्रतिदीप्ती (शोषलेल्या प्रकाशातून हरितद्रव्याने परत टाकलेली चमक) घ्यायची, मग सेकंदभराचा प्रखर झोत टाकून कमाल घ्यायची. दोन्हींतला फरक भागिले कमाल. निरोगी पानाला उत्तर 0.83 च्या जवळ येतं. 0.6 आलं की लगेच झाडाला दोष देऊ नये. अंधार पुरेसा झाला का, क्लिपच्या फटीतून उजेड शिरतो का, हे आधी बघावं. झोत कमी पडला तर कमाल खालावते. मोजणीचा प्रकाशच जास्त झाला तर किमान वर चढते. दोन्हींमुळे धडधाकट पान आजारी दिसतं.

प्रतिदीप्ती डोळ्यांनीही दिसते. त्यासाठी शाळेतल्या प्रयोगातलं तेच हिरवं स्पिरिट पुरतं. स्पिरिट जळतं, म्हणून नळी वॉटर बाथमध्येच (गरम पाण्याच्या भांड्यात) तापवावी. थंड झालेला हिरवा द्रव अंधाऱ्या खोलीत निळ्या टॉर्चसमोर धरून बाजूने पाहावा. तो लाल चमकतो. निळ्या प्रकाशाने हरितद्रव्य ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढलं तरी क्षणार्धात उष्णता टाकून खालच्या पायरीवर येतं, आणि प्रकाश तिथूनच बाहेर पडतो; म्हणून कोणताही रंग टाका, चमक लालच. द्रव फार घट्ट असेल तर आतली चमक तोच पुन्हा शोषतो आणि फक्त टॉर्चकडची कड लाल दिसते. तेव्हा थोडं स्पिरिट घालून पातळ करावं.