तुम्ही विचारलंत म्हणून: कोलिंगवूडबाबत मी चुकले होते का?

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आणि फूटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) पाहणाऱ्या माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाने मला हा प्रश्न एकदा तरी विचारला आहे. बाद फेरी आणि गणपती साधारण एकाच सुमारास येत असल्यामुळे तो बहुधा आरतीनंतर, प्रसादाची वाटी हातात देता देता विचारला जातो: “२०२२ साली तुम्ही कोलिंगवूडच्या संघाला नशीबवान म्हणत होतात आणि पुढच्याच वर्षी ते विजेतेपद घेऊन गेले, मग तुमचे आकडे चुकले की नाही?” आजवर मी हसून विषय बदलत आले. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे यंदा मोदक तरी निवांत खाता येईल.

मी त्या संघाला वाईट म्हटले नव्हते, साखळीत मिळालेल्या चौथ्या क्रमांकाइतका चांगला नाही असे म्हटले होते. २०२२ मध्ये कोलिंगवूडने २२ पैकी १६ सामने जिंकले, त्यांतले ११ सलग, आणि त्यांतलेही बरेच दोन गोलांच्या (एक गोल म्हणजे सहा गुण) आतल्या फरकाने. केलेल्या गुणांना खाल्लेल्या गुणांनी भागून जी टक्केवारी काढतात ती त्यांची १०४.३ होती, आणि नववा आल्यामुळे बाद फेरीला मुकलेल्या कार्लटनची १०८.३. निसटते विजय वर्षानुवर्षे टिकत नाहीत, गुणांच्या फरकातून दिसणारी ताकद त्यामानाने टिकते, हे माझे म्हणणे होते. त्याला वेळापत्रकाची जोड होती. तेव्हा १८ संघ आणि प्रत्येकाचे २२ सामने असल्यामुळे १७ प्रतिस्पर्ध्यांशी एकेकदा खेळून झाल्यावर पाच जणांशी पुन्हा गाठ पडायची. ते पाच ठरवताना आदल्या वर्षीच्या तक्त्याचे सहा-सहाचे तीन गट पाहत, शिवाय जुनी वैरे आणि दूरचित्रवाणीचा गल्लाही पाहत. कोलिंगवूड २०२१ मध्ये सतरावे होते, म्हणजे तळच्या गटातले, ज्यांच्या वाट्याला सहसा तुलनेने दुबळे संघ पुन्हा येत. त्यांना वाट सोपी मिळाली, असे मी ठामपणे सांगत सुटले. त्या पाचांत गतविजेता मेलबर्न होता आणि कोलिंगवूडने त्याला दोन्ही वेळा हरवले, हे मला आमच्या शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून ऐकवले. मी ते ऐकून घेतले आणि संघांची ताकद मोजणाऱ्या माझ्या कोष्टकात काहीही बदलले नाही.

आता जे आजवर कोणालाच सांगितलेले नाही ते सांगते. माझी मुलगी कार्लटनची चाहती. २१ ऑगस्ट २०२२ रोजी, साखळीच्या शेवटच्या रविवारी, कार्लटनची गाठ कोलिंगवूडशी होती आणि जिंकले किंवा नुसती बरोबरी साधली तरी ते बाद फेरीत जाणार होते. आदल्या आठवड्यात ते मेलबर्नकडून पाच गुणांनी हरले होते, त्यामुळे ती सकाळपासून जेवली नव्हती. चारपैकी तीन सत्रे संपली तेव्हा कार्लटनकडे २४ गुणांची, म्हणजे चार गोलांची आघाडी होती. मी लॅपटॉप उघडून तिला दाखवले की अशा स्थितीतला संघ दहापैकी नऊ वेळा तरी जिंकतो, आणि वर म्हणाले, “आता जेवून घे.” तिने माझ्यावर विश्वास ठेवला, ताट वाढून घेतले आणि ते मांडीवर घेऊन बसली. पुढच्या अर्ध्या तासात ते ताट तसेच निवत गेले. जेमी एलियटच्या गोलने कोलिंगवूड पुढे गेले आणि सायरन वाजला तेव्हा ७५-७४ झाले होते. बाद फेरीच्या आठव्या आणि शेवटच्या जागेवर वेस्टर्न बुलडॉग्ज गेले, त्यांचेही विजय कार्लटनइतकेच, टक्केवारी मात्र १०८.९, हुकले ते ०.६ ने. खरा गुन्हा मी त्यानंतर केला. ती रडत असताना मी तिला समजावले की माझे गणित बरोबरच होते, दहातली ती एक वेळ आज आली इतकेच. तिने ताट उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. त्यानंतर सामना चालू असताना आमच्या घरात लॅपटॉप उघडलेला नाही, आणि हा नियम माझा नाही.

२०२३ मध्ये कोलिंगवूड वरच्या गटाचे वेळापत्रक घेऊन पहिले आले. बाद फेरीचे तीन सामने त्यांनी सात, एक आणि चार गुणांनी जिंकले. तीन सामन्यांची मिळून आघाडी १२ गुण, म्हणजे दोन गोल. इथे थांबले असते तर माझी बाजू राहिली असती. पण अंतिम सामन्यात ब्रिस्बेनचे १३ गोल आणि ८ बिहाइंड (थोडक्यात हुकलेला, एकाच गुणाचा फटका), म्हणजे ८६ गुण झाले, तर कोलिंगवूडचे १२ गोल आणि १८ बिहाइंड, म्हणजे ९०. नेम एखाद्या दिवशी लागतो, एखाद्या दिवशी लागत नाही, म्हणून गुणांऐवजी संधी मोजाव्यात, हा माझाच हट्ट. त्या मापाने ३० विरुद्ध २१ होतात. बचावपटूंनी मुद्दाम आत ढकललेले चेंडूही बिहाइंडमध्ये धरले जातात, ही माझी कुरकूर नोंदवून ठेवा, पण नशीब त्या दिवशी कोणाकडे असलेच तर ते हरलेल्या संघाकडे होते.

तेव्हा चुकले का? २०२२ चा संघ आणि २०२३ चा संघ हे दोन वेगळे संघ होते, असे म्हणून मला सुटता येते. २०२२ मधली मी या उत्तराला पळवाट म्हणाली असती आणि तिचेही बरोबर असते. क्रेग मॅकरे प्रशिक्षक म्हणून आले तेही २०२२ च्याच हंगामात, तेव्हा शेवटच्या पाच मिनिटांत डोके शांत ठेवणे हे शिकवता येणारे कसब असेलही. पण एका संघाच्या दोन हंगामांवरून ते सिद्ध झाले असे मी मानणार नाही. गतविजेते कोलिंगवूड २०२४ मध्ये नववे आले आणि बाद फेरीबाहेर राहिले, तेव्हा प्रसादाची वाटी घेऊन मला प्रश्न विचारायला कोणीही आले नाही, हेही लक्षात असू द्या.

माझ्या कोष्टकात निसटत्या विजयांसाठी एक रकाना मी तेव्हापासून तीनदा घातला आणि तीनदा काढला. सध्या तो आहे, पण त्याचे वजन शून्य ठेवलेले आहे.