झाबुआकडचं रक्त

इंदूरच्या ज्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, तिथे झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडचे पेशंट कायम येतात. सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, आम्हाला नवा नाही. तरी तो मुलगा लक्षात राहिला. हातपाय दुखतात म्हणून त्याला गावात संधिवाताची औषधं चालू होती. सोबत आई-वडील आणि धाकटी बहीण.

सॉल्युबिलिटी टेस्ट लावली. रक्त गढूळ होऊन ट्यूबमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट नुसत्या वाहकाचीही (ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालंय) पॉझिटिव्ह येते, म्हणून सगळ्यांचं इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या ओढीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) लावलं आणि तोवर शिकाऊ मुलीला स्लाइड करून दाखवली. रक्ताच्या थेंबात ऑक्सिजन ओढून घेणारं सोडियम मेटाबायसल्फाइट, वर कव्हरस्लिप, कडेने व्हॅसलीन.

"दादा, दोन-चार सोडल्या तर पेशी गोलच आहेत."

"थांब जरा."

ऑक्सिजन संपत गेला तशा पेशी लांबट, टोकदार, वाकड्या होत गेल्या. ती आयपीसवरून डोळा काढेना.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक; व्हर्नन इन्ग्रॅमने तो 1957 मध्ये दाखवला. बाकी साखळीची वळणं तीच, घडी तीच, दोन अल्फा-दोन बीटांची चौकडीही तीच. ऑक्सिजन असेपर्यंत रेणू निमूट काम करतो. ऑक्सिजन सुटला की चौकडीची ठेवण सरकते, बीटावर एक खाच उघडी पडते आणि शेजारच्या रेणूचं पाण्याला टाळणारं व्हॅलिन तिच्यात रुततं. असे रेणू जुळत जुळत लांब दोर तयार होतात आणि पेशीला आतून ताणतात. पुस्तकात प्रथिनाच्या रचनेच्या चार पातळ्या (अमिनो आम्लांचा क्रम, वळणं, घडी, साखळ्यांची जुळणी) जिन्यासारख्या काढतात, ते मला कधी पटलं नाही. इथे पहिल्या पातळीतली खोट दुसरी-तिसरी ओलांडून थेट चौथीत, खरं तर तिच्याही पलीकडे उपटते.

ग्लुटामिकबरोबर त्याचा ऋणभारही जातो, म्हणून इलेक्ट्रोफोरेसिसच्या अल्कधर्मी द्रावणात हे सिकलसेलचं 'एस' हिमोग्लोबिन नेहमीच्या 'ए'-च्या मागे रेंगाळतं. लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हाच फरक पकडला होता. मुलाच्या लेनमध्ये एसचा जाड पट्टा, ए-चा पत्ताच नाही. आई, वडील, बहीण तिघांचेही दोन्ही पट्टे, म्हणजे तिघंही वाहक.

मॅडमनी रिपोर्ट समजावला. वडिलांनी मुलीकडे बोट दाखवलं, "इसको भी दवा लगेगी?"

"नहीं. पण लग्न ठरवाल तेव्हा होणाऱ्या नवऱ्याचंही रक्त तपासा," मॅडम त्यांना हिंदीत आणि आम्हाला मराठीत बोलतात, त्या गडबडीत अर्धं मराठीतच म्हणाल्या. वडिलांना कळलं. त्यांनी तो कागद वेगळा घडी करून खिशात ठेवला.