थकव्याच्या सहा पायऱ्या

दर दुसऱ्या रविवारी दुपारी आम्ही पाच जण दादरला एका मित्राच्या घरी जमतो आणि राक्षस मारतो. सगळे पस्तिशीच्या पुढचे. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. एकाने, म्हणजे डीएमने, गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं, आणि काय जमलं, काय फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर सोडायचं. १९७४ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. आमच्याकडे नियमांचं २०१४ चं पुस्तक होतं, कडा झिजलेलं, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. २०२४ मध्ये सुधारलेलं पुस्तक आलं आणि तेव्हापासून राक्षस कमी मरतात, वाद जास्त होतात.

वाद बहुतेक आपापल्या ताटापुरते. आमचा पॅलॅडिन, म्हणजे धर्मयोद्ध्याचं पात्र खेळणारा मित्र, रुसलाय. पूर्वी जितके वार लागतील तितक्या वेळा त्याला दैवी तडाखा हाणता यायचा, आता एका टर्नला एकच. त्याने हे पगारकपातीसारखं मनाला लावून घेतलंय. औषधाची बाटली आता बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येते, म्हणजे पिऊन झाल्यावर त्याच टर्नला तलवारही चालवता येते. आम्ही आधीपासून तसंच खेळायचो, त्यामुळे ‘उशिरा का होईना’ एवढंच म्हणून पान उलटलं.

माझं भांडण थकव्याशी आहे.

जुन्या पुस्तकात थकव्याच्या सहा पायऱ्या होत्या आणि प्रत्येकीचा त्रास निराळा. पहिलीवर हातची कामं बिघडायची: भिंत चढणं, कुलूप उघडणं, थाप मारणं. फासा दोनदा टाकायचा आणि त्यातला वाईट आकडा घ्यायचा. दुसरीवर चाल निम्मी. तिसरीवर वार आणि बचाव दोन्ही लटपटायचे. चौथीवर अंगातला जीवच अर्धा. पाचवीवर पाय जागचे हलायचे नाहीत. सहावीवर खेळ खलास.

नव्या पुस्तकात पायऱ्या सहाच, शेवटही तोच, पण मधलं सगळं सपाट करून टाकलंय. दर पायरीला फाशातून दोन वजा, चालीतून पाच फूट वजा. झालं. डीएम खूश, कारण त्याला कोष्टक शोधत बसावं लागत नाही. त्याचंही खरं आहे. ते कोष्टक आमच्यापैकी एकालाही पाठ नव्हतं.

पण मी रोज मुलुंडहून परळला जातो-येतो, आणि ज्याने ते जुनं कोष्टक लिहिलं तो माझ्याच डब्यात उभा असावा अशी माझी खात्री आहे. सोमवारी संध्याकाळी मी घरी फोन करून ‘कोथिंबीर आणू का?’ विचारतो आणि कोथिंबीर न घेता घरी पोचतो. पहिली पायरी. मंगळवारी-बुधवारी परळच्या पुलावर माझी चाल निम्मी होते, मागून ‘चला, चला, भाऊ’ सुरू होतं. गुरुवारी कुर्ल्याला लोंढा आत घुसतो तेव्हा मी कोपरसुद्धा काढत नाही. कोणी पायावर पाय दिला तरी मान वळत नाही. वार गेला, बचाव गेला. आणि शुक्रवारी भांडुप जातं, नाहूर जातं, मुलुंड येतं, उतरायचंय हे डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. गेल्या महिन्यात असाच ठाण्याला उतरलो.

नव्या हिशेबाने माणसाच्या एका टर्नच्या तीस फूट चालीतले पाचव्या पायरीवरही पाच फूट शिल्लक राहतात. पाच फुटांत मी दारापर्यंत पोचलो असतो.

हे सगळं मी पोटतिडकीने मांडलं. डीएम म्हणाला, “अरे, नियम ड्रॅगनसाठी आहेत, सेंट्रल रेल्वेसाठी नाहीत.” थालीपिठं घेऊन आलेल्या काकूंनी विचारलं, “मग हा थकवा उतरतो कसा?” आठ तास नीट विश्रांती घेतली की एक पायरी खाली, एवढ्या बाबतीत दोन्ही पुस्तकं एकमताची आहेत, असं मी सांगितलं. काकूंनी तीस वर्षं फोर्टात नोकरी केली. त्या ताट ठेवता ठेवता म्हणाल्या, “एका झोपेत एकच ना? मग बरोबर आहे तुमचं पुस्तक.” आणि लोण्याची वाटी आणायला आत गेल्या.

मत घेतलं. चार विरुद्ध एक.

त्याच दुपारी रात्रभर दलदल तुडवून आम्ही एका किल्ल्याशी पोचलो. डीएमने प्रत्येकाला थकव्याची एक पायरी दिली आणि तटावर चढायला सांगितलं. माझा फासा एकोणीस पडला. दोन वजा, सतरा. सरसर वर. जुन्या नियमाने फासा आणखी एकदा टाकावा लागला असता, म्हणून बाकीचे चढत असताना मी हळूच टाकून पाहिला. चार. फासा मुठीत घेतला आणि लोणी पुढे सरकवायला सांगितलं.