रांगेतल्या माणसांचा नाताळ

बुधवार, 25 डिसेंबर 2024
जालना, रात्री साडेअकरा

पाहुणे झोपलेत. खाला आईच्या शेजारी पलंगावर, वैनी लेकराला कुशीत घेऊन खाली गादीवर. दारातला तारा अजून चालू आहे. दादानं कामट्या तासून, रंगीत जिलेटिन चिकटवून केलेला हा तारा गेल्या नाताळला आम्ही माळ्यावरून काढलाच नव्हता. यंदा काढला. एक टोक उंदरानं कुरतडलं होतं, तिथं आईनं वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलाय.

दादा आत गेला ऑगस्ट 2023 मध्ये. पतसंस्थेत कारकून होता. कलम 420. त्यानं काय केलं, काय नाही, ते कोर्ट ठरवेल, पण 16 महिने झाले तरी खटला उभाच राहिलेला नाही. जामिनाचा अर्ज या महिन्यात बोर्डावर आला होता, पण नंबर लागायच्या आत दिवस संपला. आता कोर्टाला नाताळची सुट्टी, म्हणजे थेट जानेवारी. लहानपणापासून या सुट्टीची वाट बघत आले. यंदा पहिल्यांदाच ती नको वाटली.

वकिलांनी एक हिशेब सांगितलाय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, बंद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये ते जुन्या खटल्यांनाही लागू केलं. 420 ला कमाल सात वर्षं. आईनं कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं मांडलं: दोन वर्षं चार महिने. पुढचा डिसेंबर येतो. त्या आकड्याभोवती तिनं गोल केलाय.

गेल्या नाताळला नातेवाईक आले होते. करंज्या खाल्ल्या, चिवडा खाल्ला, केकचं कौतुक केलं. दादाचं नाव एकानंही घेतलं नाही. आमचं घराणं मूळचं बेथेलचं, ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या वस्तीतलं, आणि त्या घराण्यातला मुलगा तुरुंगात म्हणजे सगळ्यांनाच खाली बघायला लागतं. शेजारी कुणी विचारलं तर आई सांगायची, पुण्याला आहे कामाला. ती खोटं बोलताना मला तिच्याकडं बघवत नसे.

म्हणून यंदा मी नातेवाइकांना बोलावलं नाही. तुरुंगात आपल्या माणसाला भेटायच्या, मुलाखतीच्या रांगेतल्या दोघींना बोलावलं.

पहिल्या मुलाखतीला मी आधारकार्ड हातात घेऊन फाटकाबाहेर नुसतीच रडत उभी होते. कुठं नाव लिहायचं तेही कळेना. एका बुरख्यातल्या बाईनं दंड धरून रांगेत तिच्यापुढं घेतलं. "नक्को रो बेटी, पहली बार सबका ऐसाच होता." ती खाला. तिचा धाकटा आत आहे. मनीऑर्डरीवर काय लिहायचं, काचेपलीकडचा आवाज नीट यायला फोन कानाला कसा दाबायचा, सगळं तिनं शिकवलं.

वैनी अंबडच्या, सध्या माहेरी. दोघं नवराबायको दरसाल ऊसतोडीला जायचे. तोडीत जोडप्याला एक कोयता धरतात. नवरा आत गेला आणि कोयताच मोडला. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच. हे त्यांनी आज मटण वाढता वाढता सांगितलं, आणि लगेच म्हणाल्या, "ताई, भाकरी घ्या ना अजून."

सकाळी चौघी मिळून उपासनेला गेलो होतो. गेल्या वर्षी आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, परदेशी गेलेल्यांसाठी प्रार्थना झाली होती, बंदिवासातल्यांसाठी नाही. या वेळी मी आधीच चिठ्ठी लिहून पाळकसाहेबांकडं दिली. त्यांनी ती वाचली. आमचं नाव लिहिलं नव्हतं, तरी दोन बाकांवरून माना वळल्या. आई ताठ बसून होती.

घरी येताना मी बायबलातली पौल आणि सीला यांची गोष्ट सांगितली. पाय खोड्यात अडकवलेले, तरी ते मध्यरात्री तुरुंगात गाणी म्हणत होते. वैनींनी लगेच विचारलं, "म्हणू दिलं त्यांना?" मी म्हटलं, बाकीचे कैदी ऐकत होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचे बी गाणं म्हणायचे, फडावर."

दुपारी जेवताना सगळे आतलेच बोलण्यात होते. खालाच्या मुलाचा दात दुखतोय. वैनींच्या नवऱ्यानं आत सही करायला शिकून घेतलीय. आई दादाबद्दल बोलली, लहानपणी गव्हाणी मांडताना त्यानं खरंच कोकरू आणून बांधलं होतं ते. 16 महिन्यांत ती पहिल्यांदाच त्याच्याविषयी हसून बोलली. खालानं आणलेला नान रश्शात बुडवून खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायची घाई तिला नव्हती.

परवाच्या सोमवारी काचेपलीकडून दादानं एकच विचारलं होतं, करंजीत खोबरं भाजून घातलं का. हो म्हटलं. वीसेक मिनिटांत एवढंच नीट बोललो.

आत्ता स्वयंपाकघरात गेले तर आईनं सहा करंज्या वेगळ्या डब्यात काढून ठेवलेल्या. घरचं खाणं आत घेत नाहीत, हे तिला माहीत आहे. मी विचारलं तर म्हणाली, सोमवारी रांगेत कुणीतरी पहाटे निघालेलं असतं, उपाशी.