खाडीकाठच्या अंगणासाठी गॅसचे ग्रिल निवडताना

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीची आखणी करताना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी प्रत्येक घराला, मग ते कितीही लहान असो, स्वतःचे उघडे अंगण दिले. नवी मुंबईत आता अशी जागा दुर्मीळ झाली आहे, आणि ती ज्यांच्या वाट्याला आली आहे ते पाऊस सरून हवा कोरडी झाली की अंगणात काहीतरी भाजण्याचे बेत आखू लागतात. कोळशाची शेगडी पेटायला वेळ घेते आणि तिचा धूर थेट शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो, म्हणून बहुतेकांचा कल गॅसच्या ग्रिलकडे असतो. असे ग्रिल घेऊ पाहणारी मंडळी मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे इथे सविस्तर लिहीत आहे.

दुकानात गेल्यावर पहिल्यांदा ऐकायला मिळतात ती बर्नरची संख्या आणि बीटीयूचा, म्हणजे उष्णता मोजण्याच्या एककाचा, आकडा. माझे स्पष्ट मत आहे की, आपल्या भागात त्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात: ते ग्रिल आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला जुळते का, आणि ते खाडीच्या हवेत टिकेल का.

आधी गॅसविषयी. अमेरिकी बनावटीची ग्रिल प्रोपेनसाठी तयार केलेली असतात. आपल्या घरी येणारा एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सियसला उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. त्यामुळे बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळ्यात ब्युटेन कामाचा राहत नाही, आणि आपल्याकडे ही अडचण कधीच येत नाही. मात्र तेवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनपेक्षा ब्युटेन अधिक उष्णता देतो आणि त्याला जळायला हवाही अधिक लागते. निव्वळ प्रोपेनसाठी जुळवलेल्या बर्नरवर आपला गॅस म्हणूनच कधी कधी पिवळट ज्योतीने जळतो आणि जाळीवर काजळी धरते. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असेल, तर ती थोडी उघडून ज्योत निळी करता येते. अशी झडप आहे का, हे दुकानातच खाली वाकून पाहावे.

दुसरा मुद्दा दाबाचा. आपल्या घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो. युरोपसाठी बनवलेल्या ग्रिलवरच्या माहितीच्या पट्टीवर ‘आय 3 बी/पी (30)’ असे छापलेले असेल, तर ते ब्युटेन, प्रोपेन आणि त्यांचे मिश्रण याच दाबाला वापरण्यासाठी आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि आपल्या दृष्टीने यासारखी सोयीची खूण नाही. अमेरिकी ग्रिलबरोबर त्यांचा स्वतःचा रेग्युलेटर येतो, पण तो आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसत नाही. मग कोणीतरी मधला जोड सुचवतो, कोणी आपल्या रेग्युलेटरपुढे तो दुसरा जोडून देतो. एकापुढे एक असे दोन रेग्युलेटर आले की ग्रिलला पुरेसा दाब मिळत नाही, आणि अनोळखी जोडातून गळतीचे भय राहते. भट्टीसाठी मिळणारा हाय प्रेशर रेग्युलेटर तर घरच्या ग्रिलला कधीही लावू नये. गॅस एजन्सीचा रेग्युलेटर, आयएसआय चिन्हाची केशरी सुरक्षा नळी आणि त्या नळीला बसेल असे तोंड असलेले ग्रिल, एवढेच पुरेसे आणि निर्धोक आहे.

ज्यांच्याकडे महानगर गॅसची पाइपलाइन आहे, त्यांनी ग्रिल थेट तिला जोडण्याचा विचार करू नये. तो नैसर्गिक वायू आहे, तो कमी दाबाने येतो आणि त्याला मोठ्या छिद्राचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोट्या, लागतात. ओळखपत्रावर मिळणारा 5 किलोचा लहान सिलिंडर त्यांना सोयीचा वाटेल, पण तिथेही एक मर्यादा आहे. मोठे ग्रिल पूर्ण आचेवर चालवले की सिलिंडरमधला द्रव वेगाने वायू होतो, सिलिंडर गार पडून त्याला घाम सुटतो आणि दाब उतरू लागतो. सिलिंडर जितका लहान, तितके हे लवकर घडते.

यातूनच बीटीयूचा हिशेब समजतो. ताशी 30,000 बीटीयू म्हणजे जवळजवळ 9 किलोवॅट, अर्थात ताशी सुमारे पाऊण किलो गॅस. हा आकडा ग्रिल किती गॅस जाळते ते सांगतो, किती उष्णता पदार्थाला लावते ते सांगत नाही. ती जड झाकणावर, घट्ट बांधणीवर आणि जाळीच्या वजनावर ठरते. पातळ पत्र्याच्या चार बर्नरच्या ग्रिलपेक्षा ओतीव ॲल्युमिनियमचे दोन बर्नरचे ग्रिल मी केव्हाही पसंत करीन. एका बाजूचा बर्नर पेटता ठेवून दुसऱ्या बाजूला झाकणाखाली कोंबडीची तंगडी निवांत शिजू देता येते. त्यासाठी दोन बर्नर लागतात, आणि चार-सहा माणसांच्या घराला दोन पुरतातही.

आता हवेविषयी. ठाण्याच्या कोलशेतपासून बेलापूरपर्यंत खाडीकाठी राहणाऱ्यांना खिडकीच्या ग्रिलला किती लवकर गंज चढतो हे वेगळे सांगायला नको. ‘स्टेनलेस स्टील’ एवढ्या शब्दांवर विसंबून न राहता दुकानात खिशातून एक लोहचुंबक न्यावे. 430 प्रतीचे पोलाद चुंबकाला घट्ट चिकटते, त्यात निकेल जवळजवळ नसते आणि खारट दमट हवेत त्यावर लवकर डाग पडतात. 304 प्रतीत साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि चुंबक त्याला बहुधा धरत नाही. दार चकचकीत आणि बर्नर मात्र हलक्या प्रतीचे, अशी बांधणी सर्रास आढळते, म्हणून चुंबक आधी बर्नरच्या नळीला लावावे.

जाळी मला बिडाचीच आवडते. ती तव्यासारखी तेल लावून सांभाळावी लागते, पण एकदा तापली की मासा ठेवल्यावरही तिची उष्णता उतरत नाही. दिवाळे कोळीवाड्यातून ताजे पापलेट आणावे, दोन्ही अंगांना तिरप्या चिरा देऊन हळद, तिखट, आले-लसूण आणि कोकमाचे आगळ चोळून ठेवावे. जाळी झाकणाखाली दहा-पंधरा मिनिटे तापवावी, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि त्याने ती पुसून काढावी. मासा ठेवल्यानंतर त्याला लगेच हात लावू नये. कातडी नीट भाजली की ती आपसूक जाळी सोडते. उलथणे सरकवताना अडले, तर अजून मिनिटभर थांबावे. त्याच आचेवर कडेला भरताची वांगी टाकावीत. स्वयंपाकघरातल्या बर्नरवर सांडणारा त्यांचा रस इथे खाली गळून जातो आणि साल सगळीकडून सारखी करपते.

गॅसवर धुराचा स्वाद येत नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. जाळी आणि बर्नर यांच्यामध्ये उतरत्या छपरासारख्या पोलादी पट्ट्या असतील, तर गळालेली चरबी आणि मसाला त्यांवर पडून जळतो आणि तो धूर पदार्थाला लागतो. वेबर कंपनीच्या 1985 च्या जेनेसिस ग्रिलपासून ही रचना प्रचारात आली. पट्ट्या नसलेले ग्रिल मी घेणार नाही, कारण ज्योतीवर थेट तेल पडले की भडका उडतो.

जागेची एक बाब मात्र फार काळजीने पाहावी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो जमिनीलगत पसरून गटाराच्या चेंबरमध्ये किंवा नाल्यात साचतो. आपल्या बैठ्या घरांच्या अंगणात चेंबरचे झाकण हमखास असते, तेव्हा सिलिंडर त्यापासून दूर आणि उभाच ठेवावा. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि ग्रिल नेहमी झाकण उघडे ठेवूनच पेटवावे. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत ग्रिल कितीही लहान असले तरी वापरू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जूनपूर्वी जाळ्या काढून, तेल लावून, कागदात गुंडाळून घरात ठेवाव्यात. प्लास्टिकच्या आवरणाखाली दमट हवा कोंडते, म्हणून ग्रिल छपराखाली सरकवता येईल अशा चाकांचे असणे आवरणापेक्षा मोलाचे. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्यांतून बारीक ब्रश फिरवावा. कोळी त्यात जाळे करतात, गॅस अडतो आणि ज्योत नळीच्या तोंडाशीच मागे पेटते.