पुस्तकातला पाऊस

सराव पेपरातला ७४ वा प्रश्न. त्याला तीन आठवडे झाले, पण तो पेपर अजून माझ्या पिशवीत आहे. घरी नेते, परत आणते.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची शाळा. चौथी-पाचवी एकाच खोलीत. पाचवीत अकरा मुलं, आणि अकराही नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसलेली. नवोदयचं आमच्याकडे फार अप्रूप. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली, त्यातलं एक आमच्या शेजारच्या अमरावतीत. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. सगळे बुद्धिमत्ता आणि गणिताच्या मागे धावतात. भाषेबद्दल पालकच काय, शिक्षकही म्हणतात, मराठीच तर आहे. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, वीस प्रश्नांना २५ गुण आणि अर्धा तास. मुलं इथेच सांडतात. त्यांची मराठी वऱ्हाडी आहे, दोघांच्या घरी तर कोलामी बोलतात. ‘वरील उताऱ्यात कोणत्या बाबीचा उल्लेख नाही?’ हे वाक्य त्यांना उताऱ्याहून अवघड जातं.

शिकवणीवाले याला एक युक्ती सांगतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा, तो ज्या ओळीत सापडेल त्या ओळीतला पर्याय काळा करा. या युक्तीने फार नुकसान केलंय. पेपर काढणाऱ्यालाही ती माहीत असते, म्हणून तो उताऱ्यातला शब्द मुद्दाम चुकीच्या पर्यायात पेरतो. युक्ती शिकलेलं मूल थेट त्यात जाऊन पडतं.

म्हणून मी यंदा जूनपासून एकच धरून बसले होते. उत्तर शोधण्याआधी प्रश्नाची जात ओळखायची. टॅफी राफाएल या अमेरिकन अभ्यासिकेने १९८० च्या दशकात प्रश्न आणि उत्तर यांच्या नात्यावरून प्रश्नांचे प्रकार पाडले: उत्तर एका जागी मिळतं, की दोन-तीन ठिकाणचं जोडून मिळतं, की लेखकाने सांगितलेलं आणि आपल्याला ठाऊक असलेलं एकत्र करावं लागतं, की उतारा न वाचताही देता येतं. तेच मी आमच्या मुलांपुरतं करून घेतलं. नावं मुलांनीच ठेवली. एका ओळीवर बोट ठेवता आलं तर तो ‘उघडा’. दोन ओळींवर दोन बोटं ठेवावी लागली तर ‘जोडेल’. बोट ठेवायला ओळच नाही, पण खुणा आहेत, तो ‘लपेल’, म्हणजे लपलेला. ‘असावे’, ‘असेल’, ‘यावरून काय समजते’ दिसलं की लपेलचा संशय घ्यायचा. आणि ‘नाही’, ‘असत्य’, ‘वगळता’ असलेला ‘उलटा’. उलट्यात त्या शब्दाभोवती आधी गोल करायचा, कारण घाईत पहिला तोच निसटतो. शीर्षकाच्या प्रश्नाला वेगळं नाव नव्हतं, तो जोडेलच. फक्त त्यात पहिल्या वाक्यातला शब्द असलेल्या पर्यायाला भुलायचं नाही. प्रश्नाशेजारी समासात उ, जो, ल किंवा फुली लिहायची, मगच उताऱ्याकडे वळायचं.

दिवाळीनंतर निम्मी मुलं आईसोबत कापूस वेचायला जातात, तरी त्या दिवशी अकराही हजर होती. सराव पेपर केंद्राकडून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाकडून, आलेला. तिसरा उतारा असा होता: दिवाळी चार दिवसांवर आलेली. दुपारी अचानक आभाळ भरून येतं, गार वारा सुटतो, टपोरे थेंब पडतात. मुलं अंगणात नाचू लागतात. शेतावरून परतलेले आजोबा ओसरीत उभे राहून आभाळाकडे एकटक पाहत राहतात. प्रश्न ७४: आजोबांच्या मनात कोणती भावना असेल? आनंद, चिंता, राग, आश्चर्य.

अकराही समासांत ‘ल’ होता. हे पाहून मला काय वाटलं ते कसं सांगू? जूनमध्ये याच मुलांना ‘उतारा’ म्हणजे काय ते सांगावं लागलं होतं. दहा जणांचं उत्तर आनंद. उत्तरसूचीतही आनंद. एका मुलीने चिंता काळं केलं होतं आणि उताऱ्यात ‘दिवाळी’ या शब्दाखाली रेघ ओढली होती.

मी तिला उभं केलं. काऊन गं?

“मॅडम, दिवाळीत पानी आला त कापूस वला होते. मांगच्या वर्षी आमच्या बाबानं रातीच उठून ताडपत्री टाकली.”

ती बरोबर बोलत होती. फुटलेलं बोंड भिजलं की कापूस पिवळा पडतो, कवडी होतो, भाव पडतो. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांवर गेला की कापूस घेतच नाहीत. हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. मग बाकीच्या दहा जणांनी आनंद का लिहिलं?

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “आमाले बी मालूम हाय मॅडम. पन थो वावरातला पाऊस. हा पुस्तकातला व्हय. पुस्तकातला पाऊस चांगलाच रायते.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांनी चूक केली नव्हती. पहिलीपासून आम्ही त्यांना जो पाऊस वाचायला दिला तो असाच. मोर नाचतो, मुलं नाचतात, शेतकरी हसतो. जात ओळखायला मी शिकवलं होतं. पण खुणा घ्यायच्या त्या फक्त पुस्तकातल्या, वावरातल्या दाराबाहेर ठेवायच्या, हेही ती आमच्याकडूनच शिकली होती. आनंदासाठी कुठे बोट ठेवलं असं विचारलं तर दहाही बोटं ‘मुले नाचू लागली’वर. तिथे मुलं आहेत, आजोबा नाहीत.

मी गणिताचा तास सोडून दिला. म्हटलं, आजोबा तुमच्या घरचे समजा आणि पुन्हा वाचा. मग वर्ग असा काही बोलायला लागला की वर्षभरात मी तसा ऐकला नव्हता. एक म्हणाला, आजोबानं कापूस आधीच विकला असन त? दुसरी म्हणाली, आमचा कापूस नाई, आमी आता हरभरा पेरतो, आमचे बाबा त खूश होतीन. तिसऱ्याने तिला अडवलं, सोयाबीनची गंजी वावरातच असन त मंग? कोलामी बोलणारा एक मुलगा, जो महिन्यातून एकदा तोंड उघडतो, म्हणाला, एकटक पायते म्हनजे खूश नसन. खूश मानूस पोट्ट्याईकडे पायते.

चाळीस मिनिटं झाली. मुलांनीच दाखवून दिलं की आजोबांच्या शेतात काय उभं आहे हे उताऱ्यात कुठेच नाही. चिंता जास्त पटते, पण सिद्ध होत नाही. आनंद तर त्याहून कमी. लपेल प्रश्नात उत्तर लपलेलं पाहिजे. तिथे ते नसेलच तर तो प्रश्नच नव्हे. पेपर काढणाऱ्याने उतारा लिहून झाल्यावर एकदा दिवाळीचं कॅलेंडर आणि एखादं वावर पाहिलं असतं, तर हा प्रश्न पेपरात आला नसता.

केंद्राच्या ग्रुपवर मी हे सविस्तर लिहिलं. उत्तर आलं: उत्तरसूचीप्रमाणे गुण द्यावेत. दोघांनी त्या उत्तराला पसंतीचा अंगठा दिला. एका सहकाऱ्याने फोन करून समजावलं, “मॅडम, सव्वा गुणाचा प्रश्न आहे, मुलांना गोंधळात नका टाकू.” ते मनापासून म्हणत होते. त्यांच्या शाळेतून नवोदयला मुलं लागतात, माझ्या शाळेतून गेल्या वर्षी कोणीच लागलं नाही. नवोदयच्या एका शाळेत सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि बसतो सगळा जिल्हा. तिथे सव्वा गुण थोडा नाही.

मुलीच्या कागदावर मी तिचं उत्तर चूक ठरवलं नाही. पण केंद्राच्या तक्त्यात तिचा गुण सूचीप्रमाणेच भरला. शून्य. तिला मी अजून हे सांगितलेलं नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती फाटकापाशी थांबली होती. “मॅडम, खऱ्या पेपरात कोनता पाऊस येईन?”

मी म्हटलं, आधी महिना पाह्य. मंग मानूस काय पेरते ते पाह्य.

“अन् लिवलंच नसन त?”

म्हटलं, खूण करून पुढं जा, शेवटी वेळ उरला की परत ये. ते वेळ वाचवायचं उत्तर झालं. तिने तेवढंच विचारलं नव्हतं, हे तिलाही कळलं असावं. ती काही न बोलता गेली.

परवा पुढचा सराव पेपर झाला. चार मुलांनी काही प्रश्नांपुढे समासात ‘ल’ लिहून शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय. असं करायला मी सांगितलं नव्हतं. सूची बाजूला ठेवून ते सगळे प्रश्न मी पुन्हा वाचले. तीन ठिकाणी उत्तर होतं, मुलांना सापडलं नव्हतं. एका ठिकाणी खरंच नव्हतं.